खर्च कमी, पल्ला लांब

सातारा

चि. मनू,


तुझा रिपोर्ट आणि त्याखाली लिहिलेल्या चार ओळी वाचल्या. ‘आत्या, वर्षभर घाम गाळला आणि व्हीओटू मॅक्स जिथल्या तिथेच. माझी मर्यादा आली का?’ असं तू विचारलं आहेस. फोनवर काहीतरी सांगता आलं असतं, पण फोनवर ऐकलेलं सरावाच्या धांदलीत विसरायला होतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे. सवडीने वाच.

आधी उत्तर सांगून टाकते. मर्यादा आलेली नाही. ज्या आकड्याने तू खचली आहेस तो खरा आहे, महत्त्वाचाही आहे. पण लांब पल्ल्याचा धावपटू त्या एका आकड्यात मावत नाही. त्याच रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर एक तक्ता आहे: ताशी 12, 13 आणि 14 किलोमीटर वेगाला तू किती प्राणवायू वापरलास याचा. गेल्या वर्षीच्या तक्त्याशी मी तो ताडून पाहिला. तिन्ही वेगांना तुला यंदा कमी प्राणवायू लागला आहे. तुझ्या वर्षभराच्या घामाचं फळ तिथे आहे, आणि तू त्या पानाकडे बघितलंच नाहीस.

व्हीओटू मॅक्स म्हणजे जीव तोडून धावताना शरीर किलोभर वजनामागे मिनिटाला जास्तीत जास्त किती मिलिलिटर प्राणवायू वापरू शकतं ते. ब्रिटिश शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी 1920 च्या दशकात स्वतः मैदानात धावून ही कल्पना मांडली, आणि तेव्हापासून ती क्रीडाशास्त्राच्या मध्यावर बसली आहे. गंमत अशी, की आपल्याकडे गाडी घेताना इंजिन किती सीसीचं हे लोक नंतर विचारतात. पहिला प्रश्न असतो, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ धावपटूच्या बाबतीत मात्र सगळे सीसी विचारतात आणि अ‍ॅव्हरेज विसरतात. एक किलोमीटर धावायला किलोभर वजनामागे किती प्राणवायू लागतो, हे तुझं अ‍ॅव्हरेज. तुमचे कोच त्याला रनिंग इकॉनॉमी म्हणतात. बऱ्यापैकी सराव असलेल्या माणसाला साधारण 200 मिलिलिटर लागतात. हा आकडा जितका कमी, तितकं धावणं स्वस्त.

या स्वस्ताईने किती फरक पडतो, ते एका जुन्या अभ्यासातून नीट कळतं. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना इथे कॉनली आणि क्राहेनबुल या दोघांनी 12 कसलेले धावपटू निवडले. सगळ्यांचा व्हीओटू मॅक्स जवळपास सारखा, 72 च्या आसपास. सगळे 10 किलोमीटर सुमारे 32 मिनिटांत धावणारे, पण त्यांच्यातही पुढे-मागे होतंच. इंजिनं सारखी असताना हे पुढे-मागे कशामुळे? 1980 मध्ये त्यांनी उत्तर छापलं: शर्यतीच्या वेळेतला सुमारे 65 टक्के फरक एकट्या इकॉनॉमीमुळे होता. म्हणजे चांगल्या धावपटूंच्या घोळक्यात पहिला कोण आणि दहावा कोण, हे बरंचसं प्रत्येकाच्या खर्चावर ठरतं.

ऑस्ट्रेलियाच्या डेरेक क्लेटनचा व्हीओटू मॅक्स 70 च्या आतच होता. मोठ्या मॅरेथॉनपटूंच्या मानाने हा आकडा काही फार नाही. तरी त्याने 1969 मध्ये अँटवर्पला 2 तास 8 मिनिटं 33 सेकंदांची वेळ नोंदवली. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकची मॅरेथॉन जिंकणाऱ्या फ्रँक शॉर्टरचा आकडाही 71 च्या आसपास. प्रयोगशाळेत यांच्याहून मोठे आकडे असलेले कितीतरी जण यांच्या मागे राहिले.

पण तुझ्यासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट पॉला रॅडक्लिफची आहे, म्हणून तिच्यापाशी जरा थांबते. अँड्र्यू जोन्स नावाच्या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने तिला ऐन 18 व्या वर्षापासून वर्षानुवर्षं तपासलं. 1992 मध्ये ती ज्युनिअर गटात क्रॉसकंट्रीची जागतिक विजेती झाली होती, तेव्हा तिचा व्हीओटू मॅक्स सुमारे 70 होता. 2003 मध्ये तिने लंडनला 2 तास 15 मिनिटं 25 सेकंदांत मॅरेथॉन धावून जगाला तोंडात बोटं घालायला लावली. 16 वर्षं तो विक्रम कुणाला मोडता आला नाही. त्या 2003 मध्ये तिचा व्हीओटू मॅक्स किती होता? सुमारे 70. अकरा वर्षं, हजारो किलोमीटर, आणि तो आकडा तसूभर हलला नाही.

हललं ते दुसऱ्या पानावरचं. ताशी 16 किलोमीटर वेगाने धावताना तिला 1992 मध्ये किलोमीटरला, किलो वजनामागे सुमारे 205 मिलिलिटर प्राणवायू लागत होता. 2003 मध्ये 175 पुरत होता. कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब करून बघ. 205 च्या दराने मिनिटाला जवळजवळ 55 मिलिलिटर होतात, म्हणजे 70 च्या कमाल मर्यादेचे 78 टक्के. 175 च्या दराने 47 च्या आत, म्हणजे 67 टक्के. तोच वेग, तेच फुप्फुस, तेच हृदय. पण पूर्वी ज्या वेगाला दम लागायचा त्याच वेगाला आता बोलता बोलता धावता येतं. मग वर उरलेली ताकद वेगात घालायची. तिचा जागतिक विक्रम या 15 टक्के बचतीतून निघाला. 1993 साली आपला आकडा बघून तिने बूट खुंटीला टांगले असते तर?

ही बचत होते कुठे, ते एक पाऊल जवळून पाहिलं की उमगतं. 10 किलोमीटरच्या शर्यतीच्या वेगाने धावताना तुझं पाऊल जमिनीवर जेमतेम सेकंदाचा पाचवा भाग असतं. पाऊल टेकायच्या आधीच पोटरीचा स्नायू आवळून तयार झालेला असतो. टेकल्यावर शरीराचा सगळा भार, खरं तर वजनाच्या दुप्पट-अडीचपट जोर, त्या पायावर येतो. घोटा वाकतो, टाचेच्या वरची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, ताणली जाते, तळपायाची कमान किंचित सपाट होते. पुढच्याच क्षणी शीर आखडते, कमान पुन्हा उचलते आणि तू वर फेकली जातेस. पोटरीचा स्नायू यात फारसा लांब-आखूड होत नाही. तो एका जागी घट्ट धरून राहतो आणि ताणायचं काम शिरेकडे सोपवतो. स्नायूला आखडायला जास्त इंधन लागतं, धरून ठेवायला कमी. शिरेला तर इंधन लागतच नाही. ताणताना साठलेली ऊर्जा ती जवळजवळ पूर्ण परत देते.

प्राण्यांच्या चालीचा जन्मभर अभ्यास केलेल्या मॅकनील अलेक्झांडर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये याचा हिशेब मांडला. 70 किलोचा माणूस ताशी सुमारे 16 किलोमीटर वेगाने धावत असेल, तर एका पावलात साधारण 100 ज्यूल ऊर्जेची देवघेव होते. त्यातले सुमारे 35 ज्यूल अकिलीस टेंडन साठवून परत देतं, आणि 17 ज्यूल तळपायाची कमान. निम्मं काम फुकटात! तुझी पावलं मिनिटाला 180 पडतात असं धर. 36 मिनिटांच्या 10 किलोमीटरमध्ये ती साडेसहा हजारांच्या घरात जातात. प्रत्येक पावलात चिमूटभर वाचलं, तरी शेवटच्या दोन फेऱ्यांपर्यंत त्याची केवढी रास होते बघ.

नवख्या धावपटूत ही साखळी ढिली असते. पाऊल टेकताना स्नायू उशिरा जागे होतात, गुडघा जास्त वाकतो, मांडीच्या पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी एकमेकांविरुद्ध ओढतात. इथे यवतेश्वरच्या घाटात सकाळी फिरायला जाते तेव्हा हे रोज दिसतं. पहिल्या-दुसऱ्या महिन्यातली मुलं चढावर मुठी आवळतात, खांदे कानाला लावतात, दात-ओठ खातात. बुटांचा थप्-थप् आवाज वळणाच्या अलीकडून ऐकू येतो. त्याच वाटेने चार-पाच वर्षं मुरलेली एखादी मुलगी येते, तर जबडा सैल, हाताची बोटं सैल, पाऊल हलकं. ती शेजारून निघून गेल्यावरच कळतं की कुणीतरी गेलं. दोघांच्याही पायांना चढ तेवढाच आहे. पण नवख्याच्या शरीरात जे स्नायू धावण्याच्या कामाचे नाहीत, तेही प्राणवायू खात बसलेत.

यात आपल्या हवेचाही संबंध आहे. स्नायूंत जळणाऱ्या इंधनातला सुमारे चौथा हिस्साच कामी येतो. बाकीच्याची उष्णता होते. तोच वेग कमी इंधनात निभावला, तर शरीर तापतंही कमी. जानेवारीतसुद्धा सात वाजल्यानंतर अंगाला चिकटणाऱ्या मुंबईच्या हवेत मॅरेथॉन धावायची, तर ही बचत दुहेरी लाभाची.

आता तुझा पुढचा प्रश्न मला इथे बसून ऐकू येतो: हे शिकायचं कसं? बरेच जण इथे घाई करतात. मोबाइलवर व्हिडिओ बघतात, कुणीतरी सांगतो टाच टेकवू नकोस, चवड्यावर पड, पट्टा (दोन पावलांमधलं अंतर) वाढव, पुढे झुक. आणि पोरं उद्यापासून चाल बदलतात. असं करू नकोस. कॅव्हाना आणि विल्यम्स यांनी 1982 मध्ये धावपटूंना त्यांच्या नेहमीच्या पट्ट्यापेक्षा लांब आणि आखूड पट्ट्याने धावायला लावून प्राणवायू मोजला. दोन्हीकडे खर्च वाढला. ज्याने त्याने आपसूक धरलेला पट्टाच बहुतेकांना सर्वांत स्वस्त पडत होता. आणखी एका प्रयोगात ट्रायथलॉनच्या खेळाडूंना 12 आठवडे एक ठरावीक ‘आदर्श’ पद्धत शिकवली. पट्टा आखूड झाला, चाल दिसायला बदलली आणि प्राणवायूचा खर्च उलट वाढला.

रॅडक्लिफचंच बघ. धावताना तिची मान एकसारखी डुगडुगायची. समालोचक त्यावर बोलायचे, बघणाऱ्याला वाटायचं आता ही थकून पडते. आणि मोजल्यावर कळलं की एवढी काटकसरीने धावणारी बाई क्वचित सापडेल. देखणी चाल आणि स्वस्त चाल या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कुणी तुझ्या डाव्या कोपराला नावं ठेवली, तर मनावर घेऊ नकोस. हातांचं हलणं मात्र वायफळ समजू नकोस. कोलोरॅडोतल्या प्रयोगात धावपटूंनी हात डोक्यावर ठेवून धावल्यावर खर्च 13 टक्क्यांनी वाढला. पायांच्या फिरकीला हात तोलून धरतात, म्हणून धड स्थिर राहतं. ते सैल हलू देत.

मग चाल सुधारते कशी? मुख्यतः धावून, आणि वेळ देऊन. इंग्लंडमध्ये अगदी नव्याने धावायला लागलेल्या बायकांच्या एका गटाला 10 आठवडे नुसतं धावू दिलं. चालीबद्दल कुणी चकार शब्द सांगितला नाही. त्यांची इकॉनॉमी सुमारे 8 टक्क्यांनी सुधारली. शरीराने स्वतःच आपली सोय लावून घेतली. पहिल्या काही महिन्यांत एवढं मिळतं. पुढची सुधारणा वर्षाला टक्का-दीड टक्का अशा संथ गतीने येते. रॅडक्लिफचे 15 टक्के अकरा वर्षांत विभागलेस तर हेच उत्तर येईल. म्हणून ही वाढ महिन्या-दोन महिन्यांत डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच तुझ्या वयाची मुलं कंटाळून सोडून देतात. तू सोडू नयेस, यासाठी हा सारा पत्रप्रपंच.

वर्षांची सवय शरीराला काय देऊ शकते, याचा एक दाखला मैदानाबाहेरचा देते. 1986 मध्ये केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांच्या डोक्यावर ओझं देऊन त्यांचा प्राणवायू मोजला. त्या लहानपणापासून अशीच ओझी वाहत आल्या होत्या. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं ओझं होईपर्यंत त्यांचा खर्च रिकाम्या चालीएवढाच राहिला. पुढे 1995 मध्ये कारणही सापडलं. चालताना शरीर दर पावलाला वर जातं आणि खाली येतं, त्यातली उंचीची ऊर्जा पुढच्या गतीत उतरते. ओझं असताना या बायकांच्या शरीरात ही उतरण जास्त चोख होत होती. त्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं. पाय शिकले होते.

धावण्याखेरीज ज्याने चांगलीच मदत होते असं एक काम आहे, आणि तू तेच टाळतेस हे मला तुझ्या सरावाच्या वहीवरून दिसलं: ताकदीचा व्यायाम. फिनलंडमध्ये पाव्होलाइनेन आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये क्रॉसकंट्री धावपटूंच्या एका गटाला 9 आठवडे नेहमीच्या धावण्याचा जवळपास एक तृतीयांश वेळ उड्या, छोट्या जोरकस धावा आणि हलक्या वजनाचे झटपट व्यायाम यांत घालायला लावला. व्हीओटू मॅक्स वाढला नाही. 5 किलोमीटरची वेळ मात्र सुमारे 3 टक्क्यांनी सुधारली आणि इकॉनॉमीही सुधारली. टाचेची शीर जाड आणि ताठ झाली, स्नायू वेळेवर आवळायला शिकले, की मगाशी सांगितलेली फुकटातली परतफेड वाढते. रॅडक्लिफच्या बाबतीतही हेच दिसलं: त्या वर्षांत तिची उभी उडी वाढली होती आणि लवचिकता थोडी कमीच झाली होती. तेव्हा ‘मुलीने वजनं उचलली की अंग जड होतं’ हे कुणाचं ऐकू नकोस. आठवड्यातून दोनदा दोरीवरच्या उड्या, एका पायाच्या बैठका, पोटरीचे व्यायाम, आणि छोट्या चढावर सात-आठ दमदार धावा. कोचना विचारून हळूहळू वाढव. शिरा स्नायूंपेक्षा सावकाश तयार होतात, आणि दुखावल्या तर बऱ्याही सावकाशच होतात.

आता जे लिहिणार आहे ते नीट वाच. अंग हलकं तर खर्च कमी, हे गणित अर्धंच खरं आहे, आणि या अर्ध्या सत्याने पुष्कळ मुलींचं नुकसान केलं आहे. वजन उतरवण्यासाठी जेवण कमी करायचं, पहिले दोन महिने वेळ सुधारते, सगळे पाठ थोपटतात. मग पाळी लांबते, थांबते, हाडं कच्ची होतात, नडगीला बारीक भेग जाते, आणि मैदान सुटतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला रेड-एस हे नाव दिलं आणि जगभरच्या कोचना सावध केलं. शरीराला रोज लागणारं पोटात गेलं नाही, तर ते हाडांतून, रक्तातून, झोपेतून वसूल करतं. त्याला इकॉनॉमी म्हणत नाहीत. तू पोटभर जेव. भाकरी, डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे, गूळ, पालेभाजी, जे घरात आहे ते भरपूर खा. पाळी एकदा जरी चुकली तरी आईला सांग, डॉक्टरांना सांग. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि हिमोग्लोबिन तपासून घे. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 57 टक्के जणींना रक्तक्षय होता. प्राणवायू वाहून नेणारं रक्तच कमी असेल, तर पहिल्या पानावरचा आकडा तिथेच अडकेल. तुझा आकडा का हलला नाही याचं उत्तर कदाचित याहून अवघड नसेल.

बुटांबद्दल विचारलं आहेस. कार्बन पट्टीचे नवे बूट खरंच काम करतात. 2017 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात मोजलं तेव्हा त्यांनी सरासरी 4 टक्के ऊर्जा वाचवली. शिवाय पायातलं वजन महाग पडतं: प्रत्येक बुटाला 100 ग्रॅम वाढले की प्राणवायूचा खर्च सुमारे एक टक्का वाढतो. पण सगळ्यांना फायदा सारखा होत नाही, आणि ट्रॅकवर 20 मिलिमीटरपेक्षा जाड तळव्याचे बूट आता चालत नाहीत. तू धावतेस 5,000 आणि 10,000 मीटर. तेव्हा बाबाच्या मागे एवढ्या महाग बुटांचा हट्ट लावू नकोस. हलके, मापाचे, न घासणारे बूट पुरे. बुटाने दिलेले 4 टक्के समोरचीलाही विकत मिळतात. पायात मुरलेले टक्के तुझे एकटीचे.

शर्यतीत फुकट मिळणारी एक बचत मात्र जरूर घे. 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेत गेलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी पुढे दाखवलं, की वेगवान धावपटूच्या मागे मीटरभर अंतरावर राहिलं तर हवेच्या विरोधाचा बराचसा भाग टळतो. म्हणूनच एलियुड किपचोगे 2019 मध्ये व्हिएन्नाला 1 तास 59 मिनिटं 40 सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर धावला, तेव्हा त्याच्याभोवती साथीदारांचं कडं होतं. तुझा वेग त्याच्यापेक्षा कमी, म्हणून तुला लाभही कमी. पण समोरून वारं असेल तेव्हा पहिल्या फेरीपासून पुढे निघून छाती काढण्यात शहाणपण नाही.

एवढ्या बारीक बचतीने खरंच काही होतं का, असं वाटलं तर आपल्याकडच्या दोघांचा विचार कर. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आधी सैन्यात शिपाई झाला आणि नंतर स्टीपलचेसकडे वळला. ही शर्यत 3,000 मीटरची. त्यात 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या, म्हणजे 35 वेळा शरीर उचलायचं आणि चाल न मोडता पुन्हा धावायला लागायचं. बर्मिंगहॅमला 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य घेतलं. सुवर्ण त्याच्यापासून 0.05 सेकंद लांब होतं. एवढ्या अंतरावर, एखाद्या अडथळ्यावरून उतरताना पाऊल किती सफाईने पडलं, यालाही किंमत येते. आणि आपल्याच जिल्ह्यातली, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर. ती मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत लागोपाठ तीन वर्षं पहिली आली, मग स्टीपलचेसमध्ये उतरली, आणि 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहावी आली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत भारताची मुलगी पोचायला 1984 च्या पी. टी. उषानंतर 32 वर्षं गेली होती. लांबचे पल्ले आधी पायांत मुरले होते, मग ती अडथळ्यांवर गेली.

तेव्हा आता करायचं ते सांगते. सहा महिने व्हीओटू मॅक्सची चाचणी करू नकोस. आठवड्यातले बहुतेक दिवस इतक्या आरामात धाव, की शेजारणीशी गप्पा मारता याव्यात. किलोमीटर तिथेच साठतात. एक दिवस टेम्पो, म्हणजे जरा जोरात पण एकसारख्या वेगाची धाव, आणि एक दिवस चढाच्या धावा. पंधरा दिवसांतून एकदा, त्याच मैदानावर, त्याच वेळी, त्याच बुटांत, ठरलेल्या वेगाने 20 मिनिटं धाव आणि नाडी लिहून ठेव. उकाडा, झोप, पाळीचे दिवस, हेही बाजूला लिही, म्हणजे नाडी का वाढली ते कळेल. त्याच वेगाला नाडी हळूहळू उतरत गेली, तर समज की काम चालू आहे.

एक शेवटचं, जे तुझ्या वयात कोणी सांगत नाही. व्हीओटू मॅक्स तिशी-पस्तिशीनंतर उतरायला लागतो. कितीही सराव केला तरी तो उतार फक्त लांबवता येतो. इकॉनॉमीचं तसं नाही. धावणं चालू ठेवणाऱ्या पन्नाशीच्या लोकांचा खर्च मोजला, तर तो विशीतल्या धावपटूंच्या जवळपास निघतो. शरीराची वरची मर्यादा उसनी मिळालेली असते, पण कमी खर्चात धावायची जी सवय तू आज लावून घेते आहेस, ती स्पर्धा संपल्यावरही तुझ्याजवळ राहील. म्हणून वर्षं जातात याचं भय बाळगू नकोस. ही विद्या वर्षांनीच येते.

हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आला की आधी मला पाठव. कोचना माझा नमस्कार सांग, आई-बाबांना आशीर्वाद.

तुझी,
आत्या